आडव्या बाटलीचं मत

रविवार, १२ जानेवारी २०२५

आक्का,

तुझ्या न् माझ्या घरात एक भिंत आहे, तरी हे पत्र मी गारगोटीला जाऊन पोस्टात टाकणार आहे. पोस्टमन हसला तर हसू दे. हातात दिलं असतं तर तू सरळ चुलीत घातलं असतंस. फोन लावला तर लागत नाही. तुझ्या लेकानं, यशराजनं, तुझ्या मोबाईलवर माझा नंबर बंद करून टाकलाय. पण पोस्टानं आलेला कागद तू वाचून घेतल्याशिवाय ठेवत नाहीस, हे मला माहीत आहे. तेव्हा वर्षाराणी, बाई, हे तू तुझ्या सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

आक्का, मला सांभाळायला म्हणून तुला दुसरीतनं शाळेतनं काढलं. म्हणून मी दहावीपर्यंत गेले आणि तुझी मजल सही करण्यापुरती राहिली. पुढं तू ह्या घरात थोरली सून म्हणून आलीस आणि चार वर्षांनी धाकट्या दिराला मलाच करून घेतलंस. 'बहीण जवळ पायजे,' म्हणालीस. आणि आता अंगणात आपण दोघी एकाच वेळी झाडलोट करतो आणि तू माझ्याकडं पाठ करून झाडतेस.

सही का केली, ते तू विचारलंस, पण ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक.

दिवाळीनंतर अंबूबाई कांबळे डेअरीला दूध घालून परत येत होत्या. तुमच्या दारूच्या दुकानातनं पिऊन निघालेल्या एकानं मोटरसायकल त्यांच्या पायावर घातली. तो थांबलाही नाही. पाय मोडला, सळी घालावी लागली. त्यांची लेक प्रीती गारगोटीला मेडिकलमध्ये कामाला आहे. तिनं कुठनं कुठनं माहिती काढली, की गावातल्या चौथा हिस्सा बायकांनी सह्यांचा अर्ज दिला, तर सरकार फक्त बायकांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. तो अर्ज घेऊन ती घरोघर फिरत होती.

माझ्या दारात आली आणि बाहेरच थांबली. म्हणाली, "काकी, आत येऊ का हितनंच बोलू?"

मी म्हटलं, "आत ये की. बाहेर उभारून काय बोलतीस?"

ती बसली. चहा घेतला. हे गेल्यापासून माझ्या घरात टेकून चहा घेणारी तू एकटी होतीस, आक्का. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाया उंबऱ्यावर उभ्या राहूनच माप देतात. प्रीतीनं माझ्या मशीनवरचं काम बघितलं, बाही कशी बसवता विचारलं, अंबूबाईंच्या पायाचं सांगताना तिचे डोळे भरले. मी सही केली. खरं सांगते, दारूविरुद्ध असं काही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. ही पोरगी परत आपल्याकडं येईल, एवढंच वाटलं.

संध्याकाळी तू आलीस, पदर खोचून.

"तानी, सही माघारी घे."

"का?"

"का म्हंजे? सणासुदीला तुझ्या ताटात जे पडतंय, ते त्याच दुकानातनं येतंय की गं."

"आक्का, त्या बाईचा पाय मोडलाय."

"मग? दुकान चालत जाऊन तिच्या अंगावर पडलं व्हय?"

मला हसू आलं. तसं बोलावं तूच. पण माझं हसू बघून तू जास्तच चिडलीस. "परवानगी सरकारनं दिल्या. माझ्या पोरानं चोरून धंदा घातलेला न्हाय. तू सही ठेवणार असशील, तर हितनं पुढं मला हाक मारू नगंस."

मी सही ठेवली. हाक मारलेली नाही. परवा संक्रांत. दरवर्षी तुझ्याकडचं हळदीकुंकू आटोपलं, की तू मागच्या दारानं मला तिळाच्या वड्या आणून द्यायचीस. यंदा मीच केल्यात. एकटीला खायला फार झाल्या.

तानी


सोमवार, २४ फेब्रुवारी

आक्का,

गेल्या महिन्याच्या शेवटी दारूबंदी खात्याचे साहेब शाळेत येऊन बसले होते. अर्जावरची सही खरी का खोटी, हे एकेका बाईला आत बोलावून विचारत होते. तुला हे सगळं कळलंच असेल. दाजी आणि यशराज फाटकात उभे होते. ते कुणाला काही बोलत नव्हते. नुसते रामराम घालत होते. पण रामरामाला काय कमी वजन असतं? आपल्या गल्लीतल्या आठदहा जणी फाटकापर्यंत आल्या आणि 'शेतात काम हाय' म्हणून मागं फिरल्या.

यशराज माझ्याजवळ आला. "मावशी, तू घरात जा. तुला ह्यातलं काय कळत न्हाय."

मी म्हटलं, "मला सही वळखायला बोलावलंय. माझी सही मला कळती."

"लोकं काय म्हणतील? घरातलीच बाई घराच्या मुळावर उठल्या म्हणतील."

"म्हणू दे."

तेवढं बोलले आणि फाटकातनं पुढं झाले. आत गेले तर साहेबांनी नाव विचारलं आणि मला नाव सांगता येईना. मागनं प्रीती म्हणाली, "काकी, पाणी प्या." पाणी प्याले. मग सांगितलं. सही माझीच आहे.

त्या दिवसापासून तुमच्याकडचं दूध बंद झालं. मोटरीचं पाणीही माझ्या बाजूला येत नाही, मी गल्लीतल्या नळावर, चावीवर जाते. त्याचं मला काही नाही. पण गल्लीतल्या बायांनी शिवायला टाकायचं बंद केलंय. एकजण तर कापलेला ब्लाउज तसाच परत घेऊन गेली. मशीन झाकून ठेवलीय. दिवसभर मशीनचा आवाज नसला, की घर मोठं वाटतं.

सह्या भरल्या, पण मतदानाची तारीख निघेना. कागद कुठंतरी अडकला होता. मग आम्ही गारगोटीला कचेरीसमोर जाऊन बसलो. सतरंजी, एक फलक आणि आम्ही बाया. जास्त करून बुद्धवस्तीतल्या. मराठ्यांच्या आम्ही मोजून तिघी. पहिल्या दिवशी मला घोषणा देता येईना. तोंड उघडायची, आवाज यायचा नाही. अंबूबाई पायाला आधाराची काठी घेऊन खुर्चीवर बसलेल्या. म्हणाल्या, "तानाबाई, आवाज न्हाय आला तर हात तरी वर करा." मी हात वर केला. तिसऱ्या दिवशी आवाज आला. असा आला, की चहाच्या गाड्यावरचे लोक वळून बघायला लागले.

दुपारी त्यांनी भाकऱ्या सोडल्या. ठेचा, वांग्याची भाजी. मला वेगळं काढून देत होत्या. त्यांच्या डब्यातलं मी खाईन की नाही, अशी त्यांना शंका. मी अंबूबाईंच्या डब्यातलंच घेतलं. ही गोष्ट तुझ्या कानावर दुसऱ्याच तोंडानं गेली असणार, म्हणून मीच सांगते. हो, जेवले. पोटभर जेवले. पाचसहा बायांत बसून जेवण्याला काय चव असते, ते मी विसरले होते.

मग शेवटच्या गाडीनं परत यायचं. त्या सगळ्या वस्तीच्या थांब्यावर उतरतात, बोलत बोलत जातात. मी पुढच्या थांब्यावर एकटी उतरते.

आता तारीख निघालीय, असं म्हणतात. एप्रिलात.

तानी


सोमवार, ३१ मार्च

आक्का,

काल पाडवा झाला. तुझी गुढी बघितली. साडी छान नेसवली होतीस.

हे पत्र लिहायचं की नाही, ह्यावर मी दोन दिवस काढले. वर्षाराणी, आता जे लिहिते ते तुलाच वाचायचंय. वाचताना थांबू नकोस. आणि आक्का, तिला थांबवू नकोस.

परवा दुपारी यशराज माझ्याकडं आला होता. तुला माहीत नाही. तू रानात गेली होतीस. दारात गाडी लावली आणि सरळ आत येऊन जमिनीवर बसला. तोंडाला वास येत होता. भर दुपारी, आक्का. स्वतःच्याच दुकानातली.

"मावशी, भूक लागलीया."

मी काही विचारलं नाही. आमटीभात वाढला. लहानपणी तुमच्याकडं रागवून यायचा आणि माझ्याकडं जेवायचा, तसाच मान खाली घालून जेवला. मग म्हणाला, "तू माझ्या वाईटावर का उठलीस?"

"तुझ्या वाईटावर न्हाय रे बाळा."

"मग दुकानानं काय केलं तुझं?"

"तुझ्याकडं बघ की. हे दुकानानंच केलंय."

त्यानं ताट ढकललं. उठला, गाडीकडं निघाला. त्याला उभं राहता येत नव्हतं. जेवताना त्यानं बाजूला ठेवलेली किल्ली मी पदरात लपवली होती. त्यानं शोधली, शिव्या दिल्या. मला दिल्या, सरकारला दिल्या, प्रीतीला दिल्या, त्या मी लिहीत नाही. मग माझ्या कॉटवर आडवा झाला आणि झोपला. संध्याकाळी दाजी त्याला न्यायला आले. माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं मीच पाजलीय.

एवढंच असतं, तर मी लिहिलं नसतं.

आक्का, आपली भिंत पातळ आहे. तुम्ही काय भाजी करता तेही मला कळतं. हिवाळ्यापासून मी जे ऐकतेय, ते तूही ऐकतेस. तू तर त्याच घरात आहेस. वर्षाराणीच्या उजव्या हाताला पट्टी आहे. चावीवर मी विचारलं, तर म्हणाली, "बाथरूममधी पडलो." मागच्या महिन्यात ओठ फुटला होता, तेव्हा कपाटाचं दार लागलं होतं. तू तेव्हा तिच्या शेजारी उभी होतीस आणि तू म्हणालीस, "व्हय, दार लागलं." तुझा आवाज मी ओळखते. तू खोटं बोलतेस तेव्हा हळू बोलतेस.

तू तिला वाचवत नाहीस, असं मी म्हणत नाही. रात्री तुझा आवाज येतो, "सोड, सोड तिला" असा. पण सकाळी तू दार उघडतेस आणि काहीच झालं नाही, असं अंगण झाडतेस.

पहिल्यांदा मी प्रीतीसाठी सही केली. आता मला ते दुकान बंद झालेलं बघायचंय, आणि ते यशराजसाठी. माझ्या पोटचं कुणी नाही. त्याला मी भरवलंय. मतदान सत्तावीस एप्रिलला आहे. चिठ्ठीवर नाव नसतं. तू काय केलंस, कुणाला कळणार नाही. मलासुद्धा नाही.

तानी


सोमवार, २८ एप्रिल

आक्का,

मागचं पत्र पोस्टमननं तुझ्या हातात दिलं, ते मी खिडकीतनं बघितलं. मग भिंतीपाशी जाऊन बसले. लाज सोडून सांगते, कान लावून बसले. वर्षाराणी वाचत होती. माझेच शब्द तिच्या आवाजात ऐकू येत होते. यशराज माझ्याकडं जेवला तिथपर्यंत नीट वाचलं. मग हाताच्या पट्टीपाशी ती थांबली. तुम्ही दोघी गप्प. इतका वेळ गप्प, की मला वाटलं कागद फाडला. मग तू म्हणालीस, "वाच की." तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. त्यानंतर तुमच्याकडनं भांड्याचाही आवाज आला नाही.

कालचं तू अर्धंच बघितलंस, बाकीचं मी सांगते.

आलेल्या बायांत बहुमत झालं, म्हणून भागत नव्हतं. यादीवरच्या सगळ्या बायकांतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवी होती. सासरी गेलेल्या पोरी, पुण्याला असलेल्या सुना, यादीतनं नाव न काढलेल्या मेलेल्या म्हाताऱ्या, ह्या सगळ्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूनं. म्हणून आम्ही महिनाभर दारोदार फिरलो. चौदा एप्रिलला वस्तीत जयंती होती. मिरवणुकीत प्रीतीनं माझ्या हातात निळा झेंडा दिला, तो मी समाजमंदिरापर्यंत नेला. येता-जाताना सगळ्यांना एकच सांगत होतो, पोरींना फोन करा, यायला सांगा. हातकणंगल्यासनं, गडहिंग्लजासनं पोरी आल्या. कडेवर लेकरं घेऊन आल्या. आपल्या गल्लीतली ती ब्लाउज परत नेलेली, तीही आली. माझ्याकडं न बघता आत गेली, आणि बाहेर आल्यावर माझ्या दंडाला चिमटा काढून गेली.

दुपारपर्यंत तू आली नव्हतीस. दुकानवाल्यांच्या घरातल्या बाया येणार नाहीत, असं सगळे धरूनच चालले होते. आणि मग तुम्ही दोघी आलात. तू पुढं, वर्षाराणी मागं. यशराज फाटकात होता. म्हणाला, "आई, कुठं चाललीस?" तू म्हणालीस, "सरकारनं बोलावलंय. बाजूला हो." तो झाला बाजूला. माझ्या समोरनं गेलीस. मी हात जोडले. तू बघितलं नाहीस.

तू कुठली बाटली निवडलीस, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

संध्याकाळी निकाल सांगितला. पंचवीस-तीस मतांनी निघालं. आडवी बाटली. काय ओरडल्या बाया! हलगी आली, गुलाल आला. अंबूबाई काठी टाकून नाचायला उठल्या आणि पडता पडता वाचल्या. मला दोघींनी उचललं. साठीला आलेल्या बाईला उचलतात का? पण उचललं.

आणि मग सगळ्या घरी गेल्या. कुणाचा नवरा न्यायला आला, कुणाची पोरं. प्रीती म्हणाली, "काकी, आमच्याकडं चला जेवायला." पण तिच्याकडं पाहुणे होते, म्हणून मी नाही म्हटलं. घरी आले. कपाळावर, केसांत गुलाल. हे गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. आरशात बघितलं. ते कुणाला दाखवायचं, ते मला कळेना. थोडा वेळ तशीच बसले आणि मग धुऊन टाकलं.

तानी


शुक्रवार, १८ जुलै

आक्का,

हे पत्र खऱ्या अर्थानं पोस्टाचं आहे. पत्त्यावर वर्षाराणीच्या माहेरचं हातकणंगले लिहिलंय.

निकालानंतरच्या आठवड्यात तुमच्या घरात जे झालं, ते मी भिंतीतनं ऐकलं आणि पहिल्यांदा धावत आले. दार आतनं लावलेलं होतं. मी बडवत राहिले. दार उघडलंस ते तू. तुझ्या मनगटातनं रक्त येत होतं, बांगड्या फुटल्या होत्या. तुझ्या पाठीमागं वर्षाराणी. तू मला म्हणालीस, "बघितलंस? झालं समाधान?" आणि दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुनेला घेऊन तिच्या माहेरी निघून गेलीस. सून माहेरी जाते हे ठीक. सासू सुनेबरोबर जाते, हे गावानं पहिल्यांदाच बघितलं.

मी घर मोडलं, असं तू चारचौघांत म्हणालीस. कदाचित खरं असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

इकडचं सांगते. दुकानाला सील लागलं. दाजी परवाना दुसरीकडं हलवायच्या मागं आहेत, आठवडा आठवडा घरी नसतात. यशराज एकटाच असतो. दुकान बंद झालं म्हणून तो प्यायचा थांबला, असं तुला वाटत असेल तर तसं नाही. आता गारगोटीला जाऊन पितो. पण रस्ता लांबचा, म्हणून रोज जाणं होत नाही. मी ताट नेऊन ठेवते. कधी रिकामं मिळतं, कधी अंगणात फेकलेलं. परवा रिकामं ताट धुऊन आणून ठेवलं होतं. कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात सोडवण्याचा उपचार होतो, असं प्रीतीनं सांगितलंय. मी त्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा शिवी दिली. दुसऱ्यांदा शिवी दिली नाही.

गल्लीतल्या बाया म्हणतात, "तानाबाई, दुकान गेलं, रस्ता शांत झाला." पोरी संध्याकाळी क्लासहून निवांत येतात. ब्लाउज पुन्हा यायला लागलेत. पण माझ्याकडं बसायला कुणी येत नाही. वस्तीतल्या बायाही आपापल्या कामाला लागल्या. काम झालं, सतरंजी गुंडाळली. मी अधनंमधनं अंबूबाईंकडं जाते. त्यांचा पाय अजून सुजतो. तुझ्याबद्दल त्या एकदाही वाईट बोलल्या नाहीत.

आणि मग मंगळवारी तुझा फोन आला. नंबर अनोळखी होता, वर्षाराणीच्या भावाचा असावा. मी "हॅलो, कोण?" म्हटलं, तर पलीकडनं तू.

"त्या कांबळ्याच्या पोरीचा नंबर दे."

अडीच महिन्यांनी तुझा आवाज कानात आला. "कशाला?" एवढंच म्हटलं.

"वर्षाराणीला तक्रार द्यायची हाय. कुठं जायाचं, काय लिव्हायचं, त्या पोरीला ठावं असंल."

"आक्का... यशराजवर?"

"तुला इचारलं व्हय मी? नंबर दे म्हटलं."

मी नंबर सांगितला. तू एकेक आकडा मोठ्यानं म्हणत होतीस आणि वर्षाराणी लिहून घेत होती. मी मुद्दाम हळूहळू सांगितला. शेवटचा आकडा झाला. मी म्हटलं, "आक्का, तुझं मनगट..." पण तेवढ्यात तू फोन ठेवून दिला होतास.

प्रीतीला तुझा फोन आला, हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "काकी, थोरल्या काकी माझ्याशी लई नीट बोलल्या. तुमचं नाव न्हाय काढलं." मी म्हटलं, "असू दे." मग तिनं सांगितलं, तक्रारीला साक्षीदार लागतील. घरातली तू आहेस. पण आईनं लेकाविरुद्ध बोलावं, तेही एकटीनं, हे किती जड आहे, ते मला कळतं. बाहेरचं, ऐकलेलं, बघितलेलं कुणी असलं, तर तुझ्यावरचा भार कमी होईल.

सोमवारी प्रीती सुट्टी काढतेय. पहिल्या एस.टी.नं आम्ही दोघी हातकणंगल्याला येतोय. मी काय काय ऐकलं आणि त्या दिवशी दारात काय बघितलं, ते सगळं सांगणार आहे. यशराजलाही काल सांगून ठेवलं, की मी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला चाललेय. त्यानं एवढंच विचारलं, "आई बरी हाय का?" मी म्हटलं, "मला माहीत न्हाय रे."

तू माझ्याशी बोलशील, असं धरून मी येत नाही. घरात घेतलं नाहीस तरी राग नाही. तक्रार देताना वर्षाराणीच्या बाजूला बसेन, विचारतील ते सांगेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तुला आत चहा घ्यावासा वाटला, तर मी बाहेर थांबेन.

तानी